पाच हजार माणसं, तीस पोरं

दोस्तहो, प्रत्येक सरकारी शाळेच्या कपाटात एक जाडजूड वही असते. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. पोराचं नाव, बापाचं नाव, धर्म, जात, जन्मतारीख, कुठल्या इयत्तेत घातला, कधी शाळा सोडली, का सोडली. एका आडव्या ओळीत अख्खं बालपण. इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, तलवारी, घोडे दाखवले जातात. पुण्याचा खरा इतिहास मला विचाराल तर ह्या वह्यांत पडलाय. आत कोण बसलं, बाहेर कोण राहिलं, आणि जे आत बसलं ते कुठवर पोचलं, एवढे तीन प्रश्न घेऊन मी कसब्यापासून सुरुवात करतो. पाळी सुटल्यावर जे वाचलं, जे पायी फिरून बघितलं, त्यातून हे लिहितोय. मी विद्वान नाही. हिशोब मात्र मला कळतो, कारण पगाराच्या दिवशी तो चुकवणारे बरेच भेटतात.

कसबा म्हणजे पुण्याचं मूळ गाव. बाकीच्या पेठा मागनं आल्या. एका अंगाला मुठा नदी, पूर्वेला नागझरी. आत आळ्याच आळ्या. तांबट आळी, कुंभारवाडा, भोई आळी, शिंपी आळी, कागद करणाऱ्या मुसलमानांचा कागदीपुरा. आळीचं नाव घेतलं की जात कळते, वेगळं विचारावं लागत नाही. गणपती इथं, लाल महाल इथं, आणि बगलेला शनिवारवाडा. नागझरी ओलांडली की मंगळवार पेठ, आपल्या वस्त्या. खेड्यात गावकूस असतं, पुण्यात त्याचं काम एका ओढ्यानं केलं. आज त्याच कसब्याच्या जमिनीखालून मेट्रो पळते. वरती तांब्याचा ठोका अजून ऐकू येतो, पण पूर्वीइतका नाही.

१८१८ ला पेशवाई बुडाली. आपण भीमा कोरेगावला दर १ जानेवारीला जातो, ते बरोबरच आहे. पण बुडाल्यावर लगेच काय झालं तेही बघा. पेशवे ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे, पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात. इंग्रज आला तेव्हा त्यानं हा खर्च एकदम बंद केला नाही. पुण्याचा ब्राह्मण बिथरू नये म्हणून १८२१ साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा काढून दिली. ती ब्राह्मणांसाठी. राज्य गेलं, वाडा तोच, पंगत तीच. कंपनी सरकारनं पुण्यात शिक्षणासाठी पहिला पैसा टाकला तो असा टाकला. पुढं ह्याच विचाराला गोड नाव मिळालं: वरच्यांना शिकवा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल. आम्ही खालीच उभे होतो. झिरपलं ते काय झिरपलं, आम्हाला माहीत आहे.

मग जोतीराव. १८४८ ला बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा. तारखेवर भांडणारे भांडोत, साल ठरलेलं आहे. कसबा गणपतीपासून चालत गेलं तर विडी विझायच्या आत पोचतो. ही शाळा फार दिवस टिकली नाही. १८४९ ला बापानं जोतीराव-सावित्रीबाईंना घराबाहेर काढलं, तरी गडी बसला नाही. ३ जुलै १८५१ ला अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात पुन्हा शाळा काढली. त्या दिवशी पटावर मुली किती? आठ. फक्त आठ. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे. थोड्याच दिवसांत त्या अठ्ठेचाळीस झाल्या. सप्टेंबरात रास्ता पेठेत दुसरी शाळा, मार्च १८५२ मध्ये वेताळ पेठेत तिसरी. वेताळ पेठ म्हणजे आजची गुरुवार पेठ. त्याच सुमारास महार-मांगांच्या पोरांसाठी वेगळ्या शाळा निघाल्या आणि त्या चालवायला मंडळी स्थापन झाली.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर कोणी म्हणेल लपवली. वाडे देणारे भिडे, चिपळूणकर ब्राह्मण. मंडळीतले गोवंडे, वाळवेकर, परांजपे ब्राह्मण. त्यांना त्यांच्या जातीनं शिव्या घातल्या आणि त्यांनी त्या खाल्ल्या. असे होते, आणि बोटावर मोजण्याइतके होते. दुसऱ्या बाजूनं लहुजी वस्तादांसारखी मांगवाड्यातली माणसं घरोघर जाऊन पोरं गोळा करीत होती. तालमीत पोरं तयार करणारा माणूस पोरांना शाळेत पाठवायला निघाला, हे पुण्याच्या कौतुकाच्या पुस्तकांत कोपऱ्यात छापतात.

आता ह्या शाळेचा निकाल काय लागला? निकाल हा शब्द आपल्याला भिववायला वापरतात. तुमच्या वस्तीच्या शाळेचा निकाल बघा, असं म्हणतात. बघू या की. जोतीरावांच्या शाळेत तीन वर्षं शिकलेली मुक्ता साळवे. मांगाची पोर, चौदा वर्षांची. तिनं महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' पत्रात १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत छापून आला. त्यात ती धर्मालाच सवाल करते. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता, तो आम्हाला कळू द्या, असा रोख. बाजीरावाच्या काळी मांग-महार तालीमखान्यापुढून गेला तर काय व्हायचं, ते तिनं लिहिलंय. शिकलेला अस्पृश्य पेशव्याच्या नजरेला कसा सलायचा, तेही लिहिलंय. हा शनिवारवाड्याचा इतिहास वाड्याच्या सावलीत वाढलेल्या पोरीनं लिहिला, वाडा पडून चाळीस वर्षं झाली नव्हती तेव्हा. तिच्या अगोदर आपल्यातल्या कुणा बाईचं असं लिहिलेलं मला तरी कुठं सापडलं नाही. पहिली इयत्ता, दुसरी इयत्ता, तिसरी, आणि थेट धर्माच्या छाताडावर. कुठल्या बोर्डाच्या परीक्षेत असा निकाल मोजायची सोय आहे?

हे सगळं पुण्यात चाललं होतं तेव्हा सरकारी शाळेत काय होतं ते धारवाडला कळलं. १८५६ साली एका महाराच्या पोरानं तिथल्या सरकारी शाळेत घ्या म्हणून अर्ज केला. मुंबई सरकारनं तो फेटाळला. का? तर हा एक आत बसला तर बाकीचे सगळे उठून जातील, आणि एकासाठी शाळा ओस पाडता येणार नाही. विचार करा, न्याय त्याच्या बाजूला आहे हे सरकार नाकारत नव्हतं. फक्त हिशोब मांडून सांगत होतं की तू एक आहेस, ते पुष्कळ आहेत. विलायतेहून पुढं १८५८ मध्ये हुकूम आला की सरकारी शाळा सगळ्या जातींना खुल्या. कागद खुला झाला. व्हरांडा तसाच राहिला. सातारच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ला १९१४ नंबरावर एक नाव चढलं, भिवा रामजी आंबेडकर. त्या पोराला बसायला घरनं गोणपाट न्यावं लागायचं आणि संध्याकाळी ते परत आणावं लागायचं. शाळा खुली करणाऱ्या हुकमाला तोवर बेचाळीस वर्षं झाली होती.

पण मला ज्या शाळेबद्दल लिहायचं आहे ती ह्या दोन्हींच्या मधली आहे. तिचं नाव मला मिळालं नाही, इमारत कुठली ते मिळालं नाही, मास्तराचं नाव मिळालं नाही. तिच्याबद्दल जोतीरावांनी थोडक्या शब्दांत लिहून ठेवलंय, १९ ऑक्टोबर १८८२ च्या निवेदनात. हंटरसाहेबाचं शिक्षण कमिशन आलं होतं, त्याला दिलेलं निवेदन. त्यात ते सांगतात की पुण्यात अस्पृश्यांची वस्ती पाच हजारांवर आहे. त्यांच्यासाठी शाळा एक. आणि हजेरी तीस पोरांच्या आत.

मी हे वाचलं तेव्हा विडीच्या पाकिटावर हिशोब केला. पाच हजारांत म्हातारीकोतारी, तान्ही पोरं सगळी आली. शाळेच्या वयाची सातातलं एक धरा, जास्त नको. तरी सातशेच्या वर पोरं होतात. त्यातली तीससुद्धा शाळेत नाहीत. म्हंजे शंभरातली चार. शहाण्णव बाहेर. आणि ही गोष्ट कुठल्या आडगावची नाही, विद्येच्या माहेरघराची आहे. फर्ग्युसन कॉलेज निघायला तीन वर्षं राहिली होती. 'केसरी' वर्षापूर्वी निघाला होता. शहरात व्याख्यानं झडत होती. आणि एका खोलीत तीसच्या आत पोरं बसली होती, पाच हजारांच्या नावानं.

सारं मुंबई इलाख्याचं चित्र ह्याच तोलाचं. हंटर कमिशनच्या वेळच्या आकड्यांत प्राथमिक शाळेत शंभर पोरांमागं अस्पृश्य पोरगं एकसुद्धा पुरतं भरत नव्हतं. कॉलेजात एकही नव्हतं. ब्राह्मणांची पोरं मात्र लोकसंख्येच्या कितीतरी पट.

आता मला सांगा, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ह्याच शहरात मुक्ता साळवे तयार झाली होती. मग १८८२ ला तीसच्या आत का? आपली माणसं शिकायला राजी नव्हती म्हणावं, तर १८५२ ला राजी कशी होती? जोतीराव स्वतः सांगतात की महार-मांगांची शाळा पुढंही चालू राहिली, पण समाधानकारक अवस्थेत नाही. शाळा होती. शाळेसाठी दारोदार हिंडणारं माणूस नव्हतं. सावित्रीबाई शेणाचे गोळे अंगावर घेत शाळेत जायच्या, तिथं पोचून लुगडं बदलायच्या, अशी आठवण त्यांच्या काळच्या माणसानं सांगितलेली आहे. त्या जागी पगारी पंतोजी आला की काय होतं, ते जोतीरावांनी १८६९ लाच पवाड्यात सांगितलंय. 'विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी' असं त्याचं सरळ नाव. पंतोजी कुणाच्या पोराला जवळ घेतो, कुणाच्या पोराला मारून हाकलतो, ह्याचा पवाडा. कविता करणाऱ्या दोस्तांनो, हे बघून ठेवा. शाळा-तपासणीचा रिपोर्ट त्या माणसानं डफावर आणला. आपण चंद्र-सूर्य-बुद्ध-ज्वालामुखीत अडकून पडलोय.

त्याच निवेदनात जोतीरावांनी मागितलं काय, तेही नुसतं भाषण नाही. निदान बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा. मास्तर शेतकरी-कष्टकरी जातींतले घ्या, ज्यांना प्रसंगी नांगर धरायला लाज वाटणार नाही. त्यांचा पगार बारा रुपयांच्या खाली नको. मोडी, बालबोध, हिशोब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीची माहिती, आरोग्य शिकवा. महार-मांगांना जिथं बाकीच्या शाळा आत घेत नाहीत तिथं, वस्ती पुरेशी असेल तर, वेगळी शाळा द्या. आणि मूळ दुखणं: सारा रयतेच्या घामातून येतो आणि खर्च वरच्यांच्या उच्च शिक्षणावर होतो. १८८२ ला केलेली सक्तीची मागणी कायद्यात पुरती यायला २००९ उजाडलं. एकशे सत्तावीस वर्षं. एवढ्यात गिरण्या उभ्या राहिल्या आणि पडल्यासुद्धा.

मधल्या काळातलं एकच सांगतो. १९२० च्या सुमाराला पुणे म्युनिसिपालटीत सक्तीच्या शिक्षणाचा वाद पेटला. पैसे नाहीत, म्हणून सक्ती आधी मुलग्यांना, मुलींचं मागनं बघू, अशी टिळकपक्षाची बाजू. मुलींनाही बरोबरच सक्ती हवी म्हणून रमाबाई रानडे आणि विठ्ठल रामजी शिंदे उभे राहिले. बायकांचा मोर्चा निघाला, सभा उधळल्या गेल्या. मुक्ता साळवेच्या निबंधाला पासष्ट वर्षं झाली होती आणि पुणं अजून विचारत होतं, पोरींना आत्ताच कशाला?

मग बाबासाहेब. १९२७ चा मार्च महिना आपल्याला महाडसाठी पाठ आहे. २० तारखेला चवदार तळं. पण त्याच्या आठ दिवस आधी, १२ मार्चला, बाबासाहेब मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. हे भाषण प्रत्येक शाखेत वाचलं पाहिजे. त्यांनी सांगितलं की प्राथमिक शाळेत शंभर पोरं शिरली तर चौथीपर्यंत पोचतात फक्त अठरा. ब्याऐंशी मधेच गळतात आणि पुन्हा निरक्षर होतात. सरकार माणशी शिक्षणावर खर्च करतं चौदा आणे, आणि दारूच्या करापोटी माणशी उकळतं दोन रुपयांच्या वर. ह्याच वेगानं गेलं तर सगळे मुलगे शाळेत यायला चाळीस वर्षं लागतील आणि मुलींना तीनशे. आणि मग जातवार हिशोब. लोकसंख्येत पहिला नंबर मधल्या जातींचा, शिक्षणात त्यांचा तिसरा. मागास वर्गाचा लोकसंख्येत दुसरा, आणि प्राथमिक, माध्यमिक, कॉलेज तिन्हीकडं चौथा, म्हंजे शेवटचा. पुढारलेले हिंदू लोकसंख्येत चौथे, शिक्षणात सगळीकडं पहिले.

बघा, आधी हा आकडा, मग आठ दिवसांनी पाणी. ज्या माणसानं गोणपाटावर बसून शाळा केली तो कौन्सिलात रडगाणं गायला नाही, तक्ता घेऊन गेला. पुढच्या वर्षी, १९२८ ला, सायमन कमिशनपुढं बहिष्कृत हितकारिणी सभेचं निवेदन दिलं, त्यातही हेच. जुने सरकारी रिपोर्ट काढले, धारवाडच्या पोराचा अर्ज काढला, हंटरचे आकडे काढले आणि सरकारच्याच कागदानं सरकारला धरलं. जोतीरावांनी पाच हजारांत तीस सांगितले, बाबासाहेबांनी शंभरात अठरा. एकाच वहीची पुढची पानं.

आता त्या वहीचा आजचा उपयोग. जातीचा दाखला काढायला गेलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. सगळ्यात भक्कम पुरावा कुठला? आज्याच्या शाळेचा उतारा. आणि आज्या जर शाळेतच गेला नसेल तर? माझ्या आज्याचं नाव कुठल्याच रजिस्टरात नाही. एका कचेरीतल्या कारकुनानं मला तोंडावर सांगितलं, आजोबांचा दाखला आणा मग या. ज्या व्यवस्थेनं शहाण्णवांना बाहेर ठेवलं, तीच आता विचारते, तुम्ही आत असल्याचा पुरावा काय? त्यात १९५६ नंतर कुणाच्या ओळीत हिंदू महार, कुणाच्या बौद्ध, कुणाच्या नवबौद्ध. राज्यानं १९६० ला सवलती दिल्या, केंद्रानं १९९० ला. त्या तीस वर्षांत धर्माच्या रकान्यात काय लिहावं ह्यावर घराघरात भांडणं झाली. मास्तरानं कुणाला न विचारता जे लिहिलं ते पोराच्या जन्माला चिकटलं.

आणि शेवटचा रकाना, शाळा सोडण्याचं कारण. तिथं काय लिहितात? 'सतत गैरहजर असल्यामुळे नाव कमी केले.' पोरगं गैरहजर का? बाप हमाल, आई चार घरची भांडी घासते, धाकट्याला सांभाळायला कोणी नाही, पावसात खोलीत पाणी शिरलं. रकाना दोन बोटांचा, त्यात एवढं मावत नाही. दोष पोराच्या नावावर लागतो आणि शाळा मोकळी होते. बाबासाहेबांनी सांगितलेली ब्याऐंशी पोरं अशा एका वाक्यात पुरलेली आहेत.

पेठांतला पांढरपेशा महापालिकेच्या शाळेतून केव्हाच उठून गेला. धारवाडला उठून जाऊ म्हणणारे इथं खरोखर उठले, फक्त आवाज न करता. आता त्या बाकांवर झाडूवाल्यांची, हमालांची, घरकामवालींची, मराठवाड्यातून, कर्नाटकातून, उत्तरेतून पोटामागं आलेल्यांची पोरं बसतात. जुने वाडे पडून त्या जागी इमारती आल्या, भाडेकरू शहराबाहेर फेकले गेले, तसा पट आणखी उतरला. मग म्हणायचं, बघा, पोरं नाहीत, निकाल नाही, शाळा कशाला? २०२३ ला राज्य सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा बेत मांडला. अशा शाळा राज्यात चौदा हजारांच्या वर निघाल्या. फेब्रुवारी २०२४ ला आणखी एक नियम काढला. एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असेल तर खाजगी शाळेनं गरिबांच्या पोरांना पंचवीस टक्के जागा द्यायची गरज नाही. जुलैत हायकोर्टानं तो रद्द केला. एका हातानं सरकारी शाळा कमी करायची, दुसऱ्या हातानं तिच्याकडं बोट दाखवून खाजगीचं दार लावायचं.

वीस पोरं ही जर शाळेची किंमत, तर ३ जुलै १८५१ ला चिपळूणकरांच्या वाड्यात आठच मुली होत्या. आजचा अधिकारी तिथं तपासणीला आला असता तर संध्याकाळच्या आत बंदचा शेरा मारून गेला असता.

डिसेंबर २०२३ मध्ये भिडे वाडा पाडला. स्मारकासाठी पाडला, कोर्टकज्जे संपवून पाडला, आणि स्मारक व्हायलाच हवं. आपण तिथं ३ जानेवारीला जमतो, हार घालतो. पण ज्या शाळा एकमेकींत घालतात, त्यांची रजिस्टरं कुठं जातात? मी तीन ठिकाणी चौकशी केली. एका ठिकाणी कपाटाला वाळवी, एका ठिकाणी गठ्ठा बांधून दुसऱ्या शाळेच्या जिन्याखाली. तिसऱ्या ठिकाणच्या हेडमास्तरीणबाई भल्या निघाल्या. त्यांनी स्वतः वही पुसून दिली आणि म्हणाल्या, बसा, पण नावं उतरवू नका.

नावं आपल्याला नकोच आहेत. जात, कितवीत आला, कितवीत सुटला, कारण काय, एवढंच. कसबा आणि मंगळवार, नागझरीच्या दोन्ही अंगांच्या शाळा, दशकामागून दशक. रविवारी आम्ही तिघं बसतो. एक सांगतो, दोघं रेघा मारतात. जुन्या पानांवर शेरे मोडीत आहेत, तिथं अडतो. मोडी वाचणारं तुमच्या ओळखीत कोणी असेल तर त्याला घेऊन या. फूटपट्टी आणि रेघांच्या वह्या आमच्याकडं आहेत.